लूव्रची चोरी, चिमठाण्याची लूट

२०२५ मध्ये धनत्रयोदशी शनिवारी आली. तोळ्याचा भाव सव्वा लाखाच्या पुढे गेलेला असूनही जळगावच्या सराफ बाजारात माणूस मावत नव्हता. कोणी तोळ्याऐवजी ग्रॅमवर भागवले, कोणी आजीच्या पाटल्या मोडून नातीचे गंठण केले. दुसऱ्या दिवशी, रविवारी १९ ऑक्टोबरला, सकाळी साडेनऊच्या सुमारास पॅरिसमध्ये चौघांनी लूव्र संग्रहालयाच्या भिंतीला सामान चढवायची यांत्रिक शिडी लावली. वरची खिडकी कापली, अपोलो दालनातल्या दोन काचपेट्या फोडल्या आणि फ्रान्सच्या राजघराण्यांचे आठ दागिने घेऊन ते स्कूटरवरून पसार झाले. सगळे मिळून आठ मिनिटेही लागली नाहीत. किंमत सांगितली गेली ती ८ कोटी ८० लाख युरो. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट मात्र पळण्याच्या घाईत हातातून निसटला आणि चेपला. पुढे काही संशयित पकडले गेले, पण नोव्हेंबर २०२५ पर्यंत दागिन्यांचा पत्ता लागलेला नव्हता.

बातमी आली तेव्हा जगभर एकच नाव निघाले: ‘ल्युपिन’. जानेवारी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या मालिकेत ओमार सी हा नट सफाई कामगाराच्या वेषात लूव्रमध्ये शिरतो आणि पहिल्याच भागात राणीचा हार लांबवतो. मालिकेमागे मोरिस लब्लाँचा आर्सेन ल्युपिन हा सभ्य चोर आहे. त्याची पहिली कथा जुलै १९०५ मध्ये छापली गेली, म्हणजे हा चोर २०२५ मध्ये एकशेवीस वर्षांचा झाला. आठवण होणे साहजिक होते, पण मालिका चुकीची आठवली. चोरीनंतर काही दिवसांतच बातम्या आल्या, की दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या एका तपासणीत या संग्रहालयाच्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड चक्क ‘लूव्र’ असा निघाला होता, आणि सुरक्षेची कामे वर्षानुवर्षे पुढे ढकलली जात होती. चोरांचे काम आठ मिनिटांच्या आत उरकले. त्यांची वाट मोकळी करण्याचे काम कचेऱ्यांतल्या टेबलांवर दहा वर्षे चालू होते. फ्रेंच दूरचित्रवाणीवरच्या खऱ्या पाहण्याजोग्या मालिका त्या टेबलांच्या आहेत. त्या जळगाव-धुळ्याच्या माणसाला दुसऱ्या कोणाहून लवकर कळतील, असे आमचे म्हणणे आहे.

हे आज म्हणायला निमित्त २१ नोव्हेंबरचे. संयुक्त राष्ट्रांनी १९९६ साली हा दिवस जागतिक दूरचित्रवाणी दिन ठरवला. त्या दिवशी कोणी टीव्हीला हार घालत नाही, शाळेत भाषण होत नाही, सुट्टी तर नाहीच. निदान काय पाहावे याबद्दल चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आपल्याकडे टीव्ही आला तो दिल्लीहून. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, पण जिल्ह्याच्या गावांना कमी शक्तीचे प्रक्षेपक मिळाले ते ऐंशीच्या दशकात, आणि त्यांवरून प्रामुख्याने दिल्लीचा हिंदी कार्यक्रम दिसे. मराठी माणसाला पोलिस तपासाची गोडी लावली ती ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेने. त्यातले शिवाजी साटम आणि दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनीच पुढे १९९८ पासून ‘सीआयडी’ केली. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि त्यातल्या दयाने दरवाजा तोडला की आजही घरातले लहान पोर टाळ्या वाजवते. आम्हीही वाजवतो. पण तासाभरात गुन्हा, प्रयोगशाळा, कबुली आणि कानाखाली एक, एवढे सगळे उरकणाऱ्या त्या जगात पोलिसाला पंचनामा लिहावा लागत नाही, साहेबाची सही लागत नाही, साक्षीदार कोर्टात उलटत नाही. ज्याने धुळ्याच्या किंवा जळगावच्या कोर्टाच्या आवारात दिवस काढला आहे, त्याला खरी गंमत कुठे असते ते ठाऊक असते.

अशा माणसाने ‘आँग्रनाज’ पाहावी. ‘स्पायरल’ या इंग्रजी नावाने ती शोधल्यास सापडते. डिसेंबर २००५ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये संपली, आठ पर्व. ती रचणाऱ्या दोघांपैकी आलेक्सांद्रा क्लेर या वकील होत्या, आणि ते पहिल्या भागापासून जाणवते. पोलिस कप्तान लोर बेर्तो, तिचा जोडीदार जिलू, पैशासाठी कोणाचेही वकीलपत्र घेणारी जोझेफीन कार्लसन आणि तपास न्यायाधीश रोबाँ या चौघांच्या चार वाटा एकाच प्रकरणात गुंततात. हा तपास न्यायाधीश आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याचा तपास पोलिस त्याच्या हुकमाने करतात, आणि आरोपीच्या विरुद्धचा पुरावा जसा त्याने गोळा करायचा, तसा आरोपीच्या बाजूचाही त्यानेच करायचा. फोन ऐकायचा तर त्याची परवानगी. संशयिताला ठाण्यात बसवून ठेवायचे तर चोवीस तास, फार तर आणखी चोवीस, संघटित गुन्हेगारी असेल तर त्याहून जास्त. घड्याळ सुटले की माणूस सुटला. मालिकेतला बराचसा थरार या घड्याळातून येतो. पाठलाग आणि गोळीबार त्यामानाने थोडा.

यात कोणी धुतल्या तांदळासारखा नाही. बेर्तो आपल्या माणसाला वाचवायला कागदावरची वेळ बदलते, आणि ती बदललेली वेळ पुढे तिच्याच अंगावर येते. रोबाँ निःस्पृह आहे आणि त्या निःस्पृहतेचा त्याला इतका अभिमान आहे की तो अधूनमधून असह्य होतो. पहिले पर्व जरा रक्तबंबाळ आहे. ज्याला ते झेपत नाही त्याने दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालते.

‘बारों न्वार’ ही दुसरी मालिका, २०१६ ते २०२० मधली. कथा उत्तर फ्रान्समधल्या डंकर्क या बंदरगावाच्या महापौराची. गरिबांच्या घरांसाठी असलेल्या सार्वजनिक संस्थेतला पैसा निवडणुकीच्या प्रचाराकडे वळवला जातो, आणि आता हिशेब तपासायला माणसे येणार, तेव्हा तो पैसा परत भरायचा कुठून, इथून मालिका सुरू होते. कॅड मेराड या नटाने हा महापौर असा रंगवला आहे की त्याचा राग येतो आणि तो पकडला जाऊ नये असेही वाटते.

गरिबांची घरे आणि पालिकेचे हिशेब म्हटल्यावर जळगावकराला काय आठवेल ते सांगायला नको. नव्वदच्या दशकातली नगरपालिकेची घरकुल योजना, अर्धवट राहिलेली हजारो घरे, २००६ साली तत्कालीन आयुक्तांच्या फिर्यादीवरून दाखल झालेला सुमारे २९ कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले, त्यांत माजी मंत्री आणि एकेकाळचे नगरसेवक होते. त्यावरची अपिले उच्च न्यायालयात गेली, म्हणून प्रकरणाच्या गुणदोषांत इथे शिरत नाही. पण फिर्याद ते निकाल ही तेरा वर्षे, जळगावहून धुळ्याच्या तारखांना निघणाऱ्या गाड्या, बदलून आलेले अधिकारी, ठरावाच्या कागदावरच्या सह्या, आणि त्या सगळ्या काळात छप्पर न चढलेल्या भिंती हे सारे या दोन जिल्ह्यांनी रोजच्या पेपरात वाचले आहे. डंकर्कच्या महापौराचे कोडे असल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

हेरगिरी आवडणाऱ्यांसाठी ‘ल ब्युरो दे लेजांद’, इंग्रजीत नुसते ‘द ब्युरो’. २०१५ ते २०२०, पाच पर्व. फ्रान्सच्या परदेशी गुप्तचर खात्यातला एक अधिकारी खोट्या नावाने सहा वर्षे दमास्कसमध्ये राहून पॅरिसला परततो. नियम असा की परतल्यावर ते नाव, तो फोन, ती माणसे सगळे टाकून द्यायचे. तो एक फोन टाकत नाही, कारण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला एक स्त्री आहे. पाच पर्वांचा डोलारा या एका चुकीवर उभा आहे. बाँडपटातल्या गाड्या इथे नाहीत. कचेरी आहे, बैठका आहेत, वरिष्ठांची रजा आहे, कॉफीचे यंत्र आहे. मात्यू कासोवित्झचा चेहरा दहा-दहा मिनिटे हलत नाही आणि तरी नजर हटत नाही. शेवटचे दोन भाग जाक ओदियार या नामवंत चित्रपट दिग्दर्शकाने केले, आणि ते आधीच्या भागांपेक्षा इतके वेगळे निघाले की चाहत्यांत त्यावरून अजून भांडण आहे. आमच्या मते शेवट पटणारा आहे, पण एका बैठकीत पाहू नये.

फ्रेंच शिक्का आहे म्हणून सगळेच सोने, असे नाही. ‘ल्युपिन’ पहिल्या पाच भागांनंतर योगायोगांवर चालू लागते. ‘ले रव्हनाँ’ची २०१२ मधली सुरुवात अंगावर काटा आणते: बस अपघातात मेलेली मुलगी काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने घरी येते, फ्रिज उघडते आणि खायला लागते. गावावरच्या धरणाचे पाणी विनाकारण उतरू लागते. पण तीन वर्षांनी आलेले दुसरे पर्व उत्तरे द्यायच्या नादात फसले. फ्रान्समधल्या वाहिन्यांवर आठवड्याला एक खून आणि शेवटी वाइनचा प्याला, असल्या मालिकाही ढिगाने निघतात. त्या पाहण्यापेक्षा ‘सीआयडी’ बरी.

जुन्या कृष्णधवल चित्रपटांपैकी दोन मात्र सोडू नयेत. जूल दासँचा ‘रिफिफी’ १९५५ चा. पॅरिसच्या भर बाजारपेठेतल्या जवाहिऱ्याच्या दुकानात वरच्या मजल्याची जमीन फोडून उतरणारे चौघे, आणि जवळजवळ अर्धा तास एकही संवाद नाही, संगीताचा एकही सूर नाही. खाली पडणारा चुना आवाज करू नये म्हणून भोकातून छत्री सोडून ती उघडतात. सराफ बाजारात दुकान असणाऱ्याने हा चित्रपट रात्री पाहू नये, किंवा मुद्दाम रात्रीच पाहावा.

दुसरा आँरी-जॉर्ज क्लूझोचा १९५३ चा ‘द वेजेस ऑफ फिअर’. दक्षिण अमेरिकेतल्या एका उजाड गावात अडकलेली चार कफल्लक माणसे, दोन ट्रक आणि ट्रकमध्ये नायट्रोग्लिसरीन. जरा हिसका बसला की सगळे हवेत. कान आणि बर्लिन या दोन्ही महोत्सवांचे सर्वोच्च पुरस्कार याला त्याच वर्षी मिळाले. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना कापतात. रात्री ढाब्यावर बाज टाकून पडलेला ड्रायव्हर, लळिंगच्या घाटात उतरताना येणारा ब्रेकचा जळका वास, टँकरच्या मागे लिहिलेले ‘ज्वालाग्राही’, हे ज्याने रोज पाहिले आहे त्याला या चित्रपटातला पहिला तासभर कंटाळवाणा वाटणार नाही. त्यात काही घडत नाही. माणसे फक्त कामाची वाट पाहतात. मग ट्रक निघतात.

पाहायचे कुठे, हा प्रश्न रास्त आहे. ओटीटीवर आज असलेले उद्या नसते, म्हणून ठिकाणे सांगत बसत नाही. नाव टाकून शोधावे. खरी अडचण वेगळी आहे. बहुतेक ठिकाणी अक्षरे येतात ती इंग्रजी, आणि तीही भरभर. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती पुरत नाहीत, मग रिमोट त्यांच्या हातून जातो. काही मालिकांना हिंदी आवाज आहे, पण त्यात डंकर्कचा गोदी कामगार दिल्लीच्या निवेदकासारखा बोलतो. मराठी अक्षरे का नाहीत, हे या कंपन्यांना विचारायला हवे. आठ कोटींहून अधिक लोकांची ही भाषा आहे आणि वर्गणी मराठी माणूसही भरतो. ज्यूल व्हर्न मराठी पोरांपर्यंत पोचला तो भा. रा. भागवतांनी त्याला मराठीत आणले म्हणून. नेमो आणि चंद्रावरची स्वारी वाचताना लेखक फ्रेंच आहे, हे कितीतरी मुलांच्या गावीही नसे.

आता घरच्याकडे वळू. फ्रेंच गुन्हेकथेचा पाया विडोक नावाच्या माणसापर्यंत जातो. तुरुंग फोडून पळणारा हा अट्टल गुन्हेगार १८१२ मध्ये पॅरिसच्या गुप्त पोलिस पथकाचा प्रमुख झाला. चोर आणि शिपाई यांच्यामधली रेघ फ्रेंच लेखकांना तेव्हापासून पुसट दिसते, आणि बेर्तो-जिलू त्याच परंपरेतले. पण त्यानंतर तेराच वर्षांनी, १८२५ मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. ज्या भिल्लांची रानावरची आणि वाटेवरची हक्काची मिळकत गेली आणि ज्यांना सरकारने दरोडेखोर ठरवले, त्यांच्यातूनच शिपाई भरले. खाज्या नाईक हा या सगळ्या व्यवस्थेचा माणूस. सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. नोकरी गेली, तुरुंग झाला, सुटला, १८५७ मध्ये पुन्हा कामावर घेतला गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने घाटातून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना लुटला. पुढच्या एप्रिलात सातपुड्यात इंग्रजांशी अंबापाणीची लढाई झाली. पहारेकरी, कैदी, पुन्हा पहारेकरी आणि मग बंडखोर: अशी व्यक्तिरेखा पॅरिसच्या लेखकाला मिळाली असती तर त्याने सहा पर्वे काढली असती.

आणि चिमठाणे. १४ एप्रिल १९४४. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ अडवून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम लुटली गेली. डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी असे कार्यकर्ते या कामात होते. बेचाळीसच्या चळवळीत अमळनेर पेटले होते, लीलाताई पाटलांसारख्या स्त्रिया पुढे होत्या, नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी शाळकरी शिरीषकुमार गोळीला बळी पडला होता. ही पार्श्वभूमी आणि त्यावर ही लूट. दरवर्षी भाषणात तिचा उल्लेख होतो, दोन वाक्यांत संपतो.

फ्रेंचांनी आपल्या अशा काळाचे काय केले ते ‘अं व्हिलाज फ्राँसे’त पाहावे. २००९ ते २०१७, बहात्तर भाग. जर्मनांच्या ताब्यातले एक काल्पनिक गाव, नाव व्हिलनव्ह. गावाचा डॉक्टर नाइलाजाने महापौर होतो आणि लोकांना वाचवता वाचवता एकेका कागदावर सही करत जातो. शाळामास्तर, पोलिस, लाकडाच्या वखारीचा मालक, सगळ्यांना रोज काहीतरी ठरवावे लागते. इतिहासकार जाँ-पिएर आझेमा सल्लागार होते. वीर मोजके, भित्रे मोजके, बाकी सगळी आपल्यासारखी माणसे. त्या नजरेने चिमठाण्याकडे पाहिले की पटकथाच समोर येते. खजिना कोणत्या दिवशी निघणार हे कचेरीतून बाहेर कोणी सांगितले? साताऱ्याकडची बोली बोलणारी तरणी पोरे अहिराणी मुलखात लपली कशी? कोणाच्या घरची भाकरी खाल्ली, आणि पोलिस आल्यावर त्या घरातल्या बाईने काय सांगितले? नाणी वजनदार असतात. ती वाहिली कोणी? आणि पहाऱ्यावरच्या शिपायांचे पुढे खात्यात काय झाले? शेवटचा प्रश्न खास फ्रेंच आहे, आणि तोच सगळ्यांत सुपीक.

करायला माणसे नाहीत, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. धुळ्याहून तासाभरावर मालेगाव. तिथल्या शेख नासिरने हाताशी असेल त्या कॅमेऱ्यावर सिनेमे काढले, त्यावर माहितीपट झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपटही आला. ‘हाई झुमका वाली पोर’ या अहिराणी गाण्याने खानदेशची बोली ज्यांना खानदेश नकाशात दाखवता येणार नाही अशांच्या लग्नांतही नाचवली. शिरपूरच्या पाटील घराण्यातल्या स्मिता पाटीलचा ‘मंथन’ मे २०२४ मध्ये नव्याने सुधारलेल्या प्रतीत थेट कानच्या महोत्सवात दाखवला गेला. कॅमेरे आहेत, संकलक आहेत, यूट्यूबवर लाखांनी प्रेक्षक आहेत. निघते काय, तर विनोदी छोटे व्हिडिओ आणि लग्नाची गाणी. दोन्ही चांगलीच असतात. त्यांच्यावर राग नाही. पण दर तिसऱ्या व्हिडिओत दारुडा नवरा आणि लाटणेवाली बायको किती दिवस पाहायची, भो?

खर्चाचे रडगाणे इथे लागू पडत नाही. ‘द ब्युरो’चा निम्मा जीव एका कचेरीच्या खोल्यांत आहे, आपल्याकडे जुन्या तहसील कचेऱ्या भरपूर आहेत. अहिराणीत, खाली मराठी अक्षरे घालून, वीस-वीस मिनिटांचे सहा भाग, एवढ्यावर चिमठाणे उभे राहील. कागदपत्रांसाठी धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, गॅझेटियर आहे, स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींची पुस्तके वाचनालयांत धूळ खात आहेत. शिंदखेडा, अमळनेर तालुक्यांतल्या ज्या घरांनी तेव्हा दार उघडले, त्यांची आजची पिढीही सत्तरीच्या पुढची आहे. आधी त्यांचे बोलणे तरी ध्वनिमुद्रित करून ठेवावे. तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई सुरू झाली, की ड्रोनवाला फोन उचलत नाही. मग पौष लागतो. त्या महिन्यात लग्ने नसतात, कॅमेरे भाड्याने अर्ध्या दरात मिळतात, आणि १४ एप्रिलला मग तीन-चार महिने उरतात.